उजेडावर तग

शाळेत प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण पाठ नसेल तर विज्ञानाच्या तासाला उभे राहावे लागे. कर्बवायू अधिक पाणी, बाणावर सूर्यप्रकाश, बाणाखाली हरितद्रव्य, पलीकडे ग्लुकोज आणि प्राणवायू. समीकरणात चूक काहीच नव्हती. पण त्याने एक समजूत डोक्यात इतकी पक्की बसवली की ती उपटायला पुढे बरीच वर्षे गेली. सूर्याशी सजीवांचा जो काही व्यवहार आहे तो हिरव्या पानामार्फतच होतो, आणि उजेडाचा उपयोग म्हणजे अन्न तयार करणे, ही ती समजूत. बाकी आपण सगळे त्या पानाचे आश्रित.

ही समजूत मोडणारा जीव मिठागरात राहतो. हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम हे त्याचे नाव. नावात बॅक्टेरियम असले तरी तो जिवाणू नव्हे. कार्ल वोझ यांनी १९७७ मध्ये सजीवांचे जे निराळे घराणे ओळखले, ज्याला आज आर्किया म्हणतात, त्यातला तो. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास मीठ असते. याला पंचवीस टक्के लागते. म्हणजे ज्या पाण्यात मीठ पिकायला आलेले असते तेच याचे घर. गोड्या पाण्यात टाकला तर फुटून मरतो. असे जीव दाटले की पाणी गुलाबी दिसू लागते. जून २०२० मध्ये लोणारचे सरोवर एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून याच गोतावळ्यातल्या मीठप्रेमी आर्कियांकडे बोट दाखवले होते.

एक खुलासा इथेच करतो. तो गुलाबी रंग या लेखाचा विषय नाही. तो गाजराच्या रंगाच्या भावकीतला आणि उन्हाच्या माऱ्यापासून पेशीला वाचवणारा. मी ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो जांभळा आहे, आणि तो सदासर्वदा हजर नसतो. दाट खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. तोही संपत आला, श्वसनाने भागेनासे झाले, की हॅलोबॅक्टेरियम आपल्या पेशीपटलावर जांभळे ठिगळ विणू लागतो. परिस्थिती बिकट झाली तर ही ठिगळे पेशीचा जवळजवळ निम्मा पृष्ठभाग व्यापतात. सुकाळात त्याला त्यांची फारशी गरज नसते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे समुद्रावर गेल्यावर ती कामाला येणार आहे.

साठच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत वॉल्टर स्टोकेनियस पेशीपटलांचा अभ्यास करत होते. म्युनिकहून डीटर ओस्टरहेल्ट तिथे आले. जांभळ्या पटलातली स्निग्ध द्रव्ये काढण्यासाठी त्यावर सेंद्रिय द्रावक ओतला की जांभळा रंग जाऊन पिवळा येई. रंग का बदलतो, या साध्या प्रश्नाचा माग काढता काढता हाती लागले रेटिनल. जीवनसत्त्व अ पासून बनणारा हा रेणू. रातांधळेपणा नको असेल तर गाजर, पपई, पालेभाज्या खा असे सांगतात ते याच्यासाठी. तोवर रेटिनलची ओळख होती ती प्राण्यांच्या डोळ्यांतले द्रव्य म्हणून. ज्याला डोळाच नाही त्याला हे कशाला हवे? १९७१ मध्ये दोघांनी हा शोध प्रसिद्ध केला आणि प्रथिनाला बॅक्टेरियोऱ्होडॉप्सिन असे नाव दिले. उत्तर दोन वर्षांनी आले. या पेशींवर उजेड पाडला की भोवतालचे पाणी किंचित आम्लधर्मी होते. याचा अर्थ पेशी आतले प्रोटॉन बाहेर टाकत होती.

प्रोटॉन बाहेर टाकून काय मिळते? बाहेर गर्दी, आत टंचाई. बाहेर धन भार, आत ऋण. त्यामुळे प्रत्येक प्रोटॉनला आत परतण्याची ओढ लागते, आणि ही ओढ म्हणजेच साठवलेली शक्ती. पटलात बसवलेल्या एका फिरत्या यंत्रातून प्रोटॉनना आत येऊ दिले की त्या यंत्रावर एटीपी तयार होतो, आणि एटीपीवर पेशीची बहुतेक कामे चालतात. हे समजावताना सगळे धरणाचे उदाहरण देतात. धरण ठीक आहे, पण ते फक्त साठा समजावते. पाणी वर चढते कसे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मला मोट जवळची वाटते.

मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल. बैल धावेवरून उतरतात, नाडा ताणला जातो, मोट वर येते. पण विहिरीच्या काठापर्यंत आलेले पाणी पुन्हा विहिरीत न सांडता थारोळ्यातच का पडते, हे बैल ठरवत नाहीत. मोटेची सोंड दुसऱ्या बारीक दोराने वर दुमडून धरलेली असते. मोट काठावर आली की सोंड थारोळ्यात सरळ होते आणि पाणी तिकडे ओतले जाते. बळ बैलांचे, दिशा सोंडेची. सोंड वेळेआधी सुटली तर बैल कितीही दांडगे असोत, दिवसभराच्या खेपांनी चिखल होईल, शेत भिजणार नाही.

बॅक्टेरियोऱ्होडॉप्सिनमध्ये प्रकाशकण हा बैल आहे. तो प्रोटॉनला ढकलत नाही, त्याला हातही लावत नाही. हे प्रथिन म्हणजे २४८ अमिनो आम्लांची एक माळ. ती पटलातून सात वेळा आरपार गेलेली, सात नागमोडी खांबांसारखी. मधल्या पोकळीत रेटिनल आडवे बसलेले. त्याचे एक टोक २१६ व्या जागेवरच्या लायसिनला बांधलेले असते आणि त्या सांध्यावर एक प्रोटॉन असतो. शेजारी, बाहेरच्या अंगाला, ८५ व्या जागेवर अ‍ॅस्पार्टिक आम्ल आहे. प्रोटॉन घ्यायला जागा मोकळी आहे, पण अंधारात त्याची घ्यायची तयारी नाही आणि सांध्याची द्यायची तयारी नाही. दोघांच्या प्रोटॉन धरून ठेवण्याच्या ताकदीत तेव्हा हजार कोटी पटींहून अधिक अंतर असते. तसे ठेवले तर हे प्रथिन स्वस्थ बसून राहील.

प्रकाशकण येतो आणि सरळ असलेले रेटिनल एका जागी वाकते. याला लागणारा वेळ सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी. एवढेच काय ते प्रकाशाचे काम. तो इथे संपला. पुढचे सगळे अंधारात घडते. वाकलेल्या रेटिनलमुळे आतली मांडणी अडचणीत येते आणि ताकदीचे ते प्रचंड अंतर मिटते. आता सांधा देऊ पाहतो, ८५ क्रमांक घेऊ पाहतो. प्रोटॉन तिकडे जातो. त्याचा धक्का बाहेरच्या तोंडाशी असलेल्या ग्लुटामिक आम्लांच्या जोडीला आणि तिथल्या पाण्याच्या रेणूंना पोचतो, आणि तिथून एक प्रोटॉन बाहेर सुटतो. गंमत अशी की बाहेर पडलेला प्रोटॉन हा सांध्यावरून निघालेला नव्हेच. तो अजून ८५ क्रमांकाकडेच आहे. स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात तेव्हा वरच्या माणसाने ओतलेले घमेले खालच्याने नुकतेच उचललेले नसते, तसेच.

आता सांधा रिकामा आहे आणि त्याला प्रोटॉन हवा आहे. सगळ्यात जवळ तो ८५ क्रमांकाकडेच आहे. त्याने परत दिला तर केलेली सगळी मेहनत वाया. इथे सोंड लागते. मधल्या काळात सांध्याचे तोंड बाहेरच्या बाजूकडून आतल्या बाजूला वळलेले असते. बाहेरचा प्रोटॉन सुटून गेल्यामुळे ८५ क्रमांकाची आपल्या प्रोटॉनवरची पकडही घट्ट झालेली असते. म्हणून सांधा दुसरीकडे, आतल्या अंगाच्या ९६ क्रमांकाकडे हात पसरतो आणि तो देतो. मग सहाव्या खांबाचे आतले टोक बाजूला कलते, पाण्याचे रेणू आत शिरतात आणि त्यांच्या साखळीवरून ९६ क्रमांक पेशीच्या आतून नवा प्रोटॉन घेतो. रेटिनल आपसूक सरळ होते, ८५ क्रमांक आपल्याकडचा प्रोटॉन बाहेरच्या जोडीला सोपवतो, आणि सगळे पहिल्यासारखे. एक फेरी सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात पुरी होते. आपल्या डोळ्यात हेच रेटिनल उजेड पडल्यावर सुटून वेगळे होते आणि त्याला पुन्हा जुळवून घ्यायला पेशींना बरीच उठाठेव करावी लागते. मिठागरातल्या जिवाचे रेटिनल जागचे न हलता पुढच्या खेपेला तयार.

हे सगळे कळले कसे, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण दोन नावे टाळून चालणार नाही. रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी १९७५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ते सात खांब पहिल्यांदा दाखवले. त्याच वाटेने पुढे जात हेंडरसन यांनी १९९० मध्ये अणूंपर्यंत पोचणारे चित्र उभे केले. त्यांच्या २०१७ च्या नोबेलची बीजे तिथली. दुसरे नाव हरगोविंद खुराना. जनुकीय लिपी उलगडल्याबद्दल १९६८ मध्ये नोबेल मिळाल्यावर माणसाने त्याच शेतात आयुष्यभर नांगर फिरवला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. ते मात्र या जांभळ्या प्रथिनाकडे वळले. त्याचे जनुक प्रयोगशाळेत घडवले आणि माळेतला एकेक मणी बदलून काय बिघडते ते पाहिले. ८५ वा बदलला की पंप बंद. ९६ वा बदलला की फेरी रखडते. क्रमांकांचे वर सांगितलेले नाट्य बरेचसे अशा मोडतोडीतून कळले आहे.

आणि याच पंपाने जीवशास्त्रातल्या एका जुन्या भांडणाचा निकाल लावायला हातभार लावला. पेशी एटीपी कसा बनवते, यावर पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मत मांडले होते की मधे कुठलेही खास रसायन नाही, पटलाच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनचा फरक एवढेच कारण पुरे. बऱ्याच जणांना ते पटत नव्हते; ते गूढ मधले रसायन शोधण्यात लोकांची उमेदीची वर्षे गेली होती. १९७४ मध्ये एफ्रेम रॅकर आणि स्टोकेनियस यांनी सोयाबीनच्या स्निग्ध द्रव्यांचे सूक्ष्म फुगे केले. त्यांत मिठागरातल्या जिवाचा जांभळा पंप बसवला आणि गायीबैलांच्या हृदयातून काढलेले एटीपी बनवणारे यंत्र बसवले. उजेड टाकला. एटीपी तयार झाला. या तिघांची निसर्गात कधी गाठ पडण्याचा संभव नव्हता. त्यांच्यात एखादे गुप्त रसायन सामाईक असेल असे म्हणणेही अवघड झाले. सामाईक होता तो फक्त प्रोटॉनचा फरक. चार वर्षांनी मिचेल यांना नोबेल मिळाले.

इथपर्यंतची कथा पाठ्यपुस्तकांत आहे. माझा मुद्दा पुढचा आहे.

बराच काळ हा पंप म्हणजे एक विक्षिप्त अपवाद, असेच मानले गेले. मिठागरात राहणाऱ्याचे चोचले. मग २००० मध्ये ओडेड बेजा, एडवर्ड डीलाँग आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरातल्या पाण्यातून थेट डीएनए काढून वाचला. प्रयोगशाळेत कधीही न वाढवता आलेल्या एका सागरी जिवाणूच्या डीएनएत त्यांना याच घडणीच्या पंपाचे जनुक सापडले. ते त्यांनी ई. कोलायमध्ये घातले, वर रेटिनल पुरवले, आणि तो बिचारा आतड्यातला जिवाणू उजेडात प्रोटॉन बाहेर टाकू लागला. पुढे जिथे बघावे तिथे ही जनुके सापडत गेली. उथळ पाण्यातल्यांना हिरवा उजेड शोषणारी, खोल पाण्यातल्यांना निळा. आणि हा फरक प्रामुख्याने एका मण्याच्या अदलाबदलीने पडतो. समुद्रात अतिशय विपुल असलेला पेलॅजिबॅक्टर, त्याच्याकडेही पंप निघाला.

साहजिकच पेलॅजिबॅक्टर उजेडात आणि अंधारात वाढवून पाहिला गेला. २००५ चे निष्कर्ष निराशाजनक होते. वाढीत काहीच फरक नाही. जनुक आहे, प्रथिन आहे, ते काम करते आहे, आणि जिवाला त्याचा फायदा म्हणून दाखवण्यासारखे काही नाही. काही जिवाणूंत उजेडाने वाढ होते असे नंतर दिसले, पण सरसकट तसे चित्र नव्हते.

मला या जागी प्रयोगांपेक्षा प्रश्न विचारण्याच्या सवयीचा दोष दिसतो. आपण जिवाचे बरे चालले आहे की नाही हे वाढीवरून मोजतो. चंचुपात्रात पोटभर खाणे घालायचे, दुसऱ्या दिवशी डोकी मोजायची. एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी चार शेळ्या आहेत. त्यांचा उपयोग काय, हे बघायला तुम्ही चांगल्या पावसाच्या वर्षी गेलात आणि खळ्यावर किती पोती धान्य आले ते मोजलेत, तर उत्तर येणार की शेळ्यांमुळे धान्यात काडीचा फरक पडत नाही. बरोबरच आहे. शेळ्या धान्यासाठी नाहीतच. पाऊस गेला की कळते त्या कशासाठी आहेत. मराठीत याला जोडधंदा असा नेमका शब्द आहे, आणि उजेडाचा पंप हा समुद्रातल्या जिवाणूचा जोडधंदा आहे असे माझे म्हणणे आहे.

प्रश्न बदलल्यावर उत्तरेही बदलली. २०१० मध्ये लॉरा गोमेझ-कोन्सार्नाउ आणि सहकाऱ्यांनी व्हिब्रिओ जातीचा एक सागरी जिवाणू मुद्दाम उपाशी ठेवला. उजेडातले जिवाणू अंधारातल्यांपेक्षा अधिक टिकले. पंपाचे जनुक काढून टाकले तेव्हा उजेडाचा तो फायदा गेला. परत घातले तेव्हा आला. २०११ मध्ये पेलॅजिबॅक्टरलाही अन्नाविना ठेवून पाहिले गेले. उजेडातल्या पेशींनी एटीपीची पातळी राखली होती, आणि अंधारातल्यांना त्यासाठी अंगातलाच कार्बन जाळावा लागत होता. म्हणजे २००५ चा निष्कर्ष चुकीचा नव्हता. तो सुकाळातला होता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. इतका सोपा, इतका स्वस्त पंप हाताशी असताना जग हिरवे का झाले, जांभळे का नाही? शिलादित्य दासशर्मा यांनी अशी कल्पना मांडली आहे की कधी काळी ते जांभळे होतेही: रेटिनलवाले जीव मधला हिरवा उजेड खात होते आणि हरितद्रव्याला कडेचा तांबडा-निळा उरला. कल्पना मोहक आहे; मी तिच्यावर काही उभे करणार नाही. आक्षेपाचे उत्तर हिशेबात आहे. या पंपाला चालणाऱ्या प्रकाशकणाची ऊर्जा एक मोलमागे सुमारे २१० किलोज्यूल. त्यातून जो एक प्रोटॉन बाहेर जातो त्यात साठते वीस-पंचवीस. दहापैकी नऊ हिस्से उष्णतेत गेले. शिवाय प्रोटॉनच्या फरकातून एटीपी मिळतो, कर्बवायूपासून साखर बांधायला लागणारे इलेक्ट्रॉन मिळत नाहीत. ते पाण्यातून ओढून काढण्याचे काम हरितद्रव्याच्या यंत्रणेने जमवले, म्हणून अरण्ये आहेत, ज्वारी आहे, आणि आपण श्वास घेतो ती हवा आहे. रेटिनलच्या पंपाला हे कधीच जमणार नाही. तो जग उभारू शकत नाही हे मान्य.

पण त्या यंत्रणेचा खर्चही पाहा. पाणी फोडणारा एकटा भाग म्हणजे वीसेक प्रथिनांचे कडबोळे, मँगेनीज आणि लोह यांच्यासकट. हरितद्रव्य घडवायला एकामागून एक कितीतरी पायऱ्या. भर समुद्रात लोहाची चणचण असते, नायट्रोजनची असते. रेटिनलच्या पंपाला एक जनुक लागते, आणि बीटा कॅरोटिनचे दोन तुकडे करून रेटिनल देणारे आणखी एक. पंपात धातूचा कणही नाही. इतके सुटसुटीत बिऱ्हाड एका जिवाकडून दुसऱ्या अगदी परक्या जिवाकडे सहज जाते, आणि जनुकांच्या वंशावळी पाहता ते अनेकदा गेलेलेही आहे. म्हणून कार्यक्षमतेच्या एकाच फूटपट्टीने या दोघांना मापणे मला पटत नाही. २०१९ मध्ये भूमध्य समुद्र आणि पूर्व अटलांटिकमधल्या पाण्यात रेटिनल मोजून केलेल्या अभ्यासात असे दिसले की अन्नद्रव्यांची टंचाई असलेल्या भागांत हे पंप हरितद्रव्याच्या बरोबरीने, कुठे त्याहून अधिक, सूर्यप्रकाश पकडत असावेत. बागायतीत जो हरतो तो जिरायतीत टिकतो.

यातून आपल्या शब्दाची एक अडचण उघडी पडते. प्रकाशसंश्लेषण म्हटले की त्यात संश्लेषण आले, काहीतरी बांधणे आले. हा पंप काहीच बांधत नाही. म्हणून व्याख्येप्रमाणे त्याला त्या पंगतीत पान नाही, आणि शाळेच्या समीकरणात बाणाच्या कुठल्याच बाजूला त्याला जागा नाही. व्याख्या ताणून त्याला आत घ्यावे असे मी म्हणत नाही; उलट त्याला बाहेरच ठेवावे आणि त्यासाठी निराळा शब्द घडवावा. सजीवांनी उजेडाची शक्ती दोन कामांसाठी वापरली. एक वाढीसाठी, एक तग धरण्यासाठी. पहिल्या कामाचे नाव, समीकरण, आकृती, सगळे आपल्याकडे आहे. दुसरे समुद्रात उघड्या उन्हात चालू होते, आणि २००० सालापर्यंत ते तिथे चालू असल्याची आपल्याला वार्ता नव्हती.

माणसाने या पंपाचे जे उपयोग शोधले त्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची जाहिरात पुरेशी होते. मीठप्रेमी आर्कियांतले असेच पंप मेंदूच्या पेशींत घालून उजेडाने त्या पेशी गप्प करता येतात; प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते रुळले आहे. मला त्याहून आवडलेला प्रयोग २००७ चा आहे. ई. कोलायला हा पंप दिला, मग त्याचे श्वसन विषाने रोखले. अंधारात त्याची शेपटी फिरवणारी मोटर मंदावली. उजेड टाकला, ती पुन्हा फिरू लागली.

मीठ पिकताना प्रत्येक खड्यात खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकतात, आणि त्या थेंबांत कधी कधी हे जीवही. समुद्राच्या पाण्यापासून उन्हात केलेल्या मिठातून ते जिवंत काढून वाढवले गेले आहेत. आमच्या घरी खडेमीठ चिनी मातीच्या बरणीत, ओट्याखालच्या अंधारात असे. गेल्या महिन्यात मी ते काचेच्या बरणीत काढून खिडकीत ठेवले. बायकोने कारण विचारले तेव्हा ओल धरत नाही असे सांगितले.